विचारा, सांगतो: पाइप एक इंची, सील एक इंची, तरी गळतंय

प्रश्न : पागोळीचं पाणी साठवायला दोनशे लिटरचे तीन ड्रम खालून एकमेकांना जोडलेत. ऑनलाइन एक इंची रबर सील मागवलं, दुकानातून एक इंची पीव्हीसी पाइप आणला, ४५ मिलिमीटरच्या होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) भोक पाडलं. पाइप फारच सहज आत गेला आणि आता सीलच्या कडेने थेंब थेंब पाणी येतंय. सिलिकॉन लावू का? (एक वाचक ताई, चिपळूण)

ताई, सिलिकॉन नका लावू, आधी पाइप मोजा. आपल्याकडे "एक इंची" म्हणून तीन वेगवेगळे पाइप विकले जातात. शेतीचा पांढरट-राखाडी पीव्हीसी बाहेरून ३२ मिमी असतो, घरच्या प्लंबिंगचा यूपीव्हीसी (ज्यावर "शेड्यूल" असं लिहिलेलं असतं) ३३.४ आणि गरम पाण्याचा सीपीव्हीसी तर २८.६ च. नाव एकच, पण रबराला नाव कळत नाही, त्याला फक्त बाहेरचा व्यास कळतो. असं ड्रमच्या भोकात बसवायचं सील बहुतेक वेळा अमेरिकन मापाचं असतं, म्हणजे ३३.४ च्या पाइपसाठी बनवलेलं, आणि त्याला भोक लागतं पावणेदोन इंच, म्हणजे ४४.५ मिमी.

आता हिशोब बघा. बरोबर माप असेल तर पाइप आणि भोकाची कड यांच्यात रबराला साडेपाच मिलिमीटर जागा मिळते आणि तेवढ्यात ते दाबून बसतं. तुमच्याकडे ४५ च्या भोकात बहुतेक ३२ चा पाइप आहे, म्हणजे जागा झाली साडेसहा, एका बाजूला एक मिलिमीटर दाब कमी, आणि हे सील दुसऱ्या कशावर नाही तर दाबावरच पाणी अडवतं. पाइप सहज आत गेला असं तुम्ही लिहिलंय ना, तीच खूण आहे, बरोबर मापाचा पाइप साबणाचं पाणी लावूनसुद्धा जोर लावल्याशिवाय जात नाही.

व्यास मोजायचा व्हर्नियर नसला तरी चालेल. कागदाची पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे खूण करा आणि सरळ करून मोजा. १०० मिमीच्या आसपास आलं तर पाइप ३२ चा, १०५ आलं तर ३३.४ चा, ९० आलं तर सीपीव्हीसी. मग फक्त जोडाचा तो वीतभर तुकडा ३३.४ वाला आणा, बाकी काही बदलायला नको. भोकात अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहील पण पाइप बरोबर असला तर बहुतेक वेळा निभावतं. नाहीच निभावलं तर टँक निपल, म्हणजे ड्रमच्या भिंतीत चकतीने आवळून बसवायचा जोड, मात्र त्याची चकती आतून आवळायला ड्रममध्ये हात पोचला पाहिजे, म्हणून झाकण पूर्ण उघडणारा ड्रम हवा.

बसवताना आधी सील भोकात, रुंद बाजू बाहेर, पाइप त्याच बाजूने आत घालायचा. पाइपचं टोक कानसीने तिरकं घासून घ्या, नाहीतर धार रबराला कापते. ग्रीस किंवा तेल लावू नका, काही रबरं त्याने फुगतात. भोकाच्या कडेचा बुरा ब्लेडने काढा, पण गोल कानस घालून भोक मोठं करत बसू नका, ते लंबगोल झालं की कुठलंच सील बसत नाही.

प्रश्न : द्राक्षबागेत ठिबकची लॅटरल (ओळीतली बारीक नळी) १६ मिमीची आहे म्हणून ६३ मिमीच्या सबमेनला (लॅटरलना पाणी देणाऱ्या जाड पाइपला) १६ चं भोक पाडलं, ग्रोमेट (भोकात बसवायची रबरी कडी) आतच पडलं. शेजारी म्हणतो सळई तापवून बारीक भोक पाड. (एक शेतकरी, निफाड)

दादा, १६ हा आकडा लॅटरलचा, भोकाचा नाही. ग्रोमेट लॅटरलला धरतच नाही, ते टेकऑफच्या, म्हणजे सबमेनमधून लॅटरलला पाणी देणाऱ्या छोट्या जोडाच्या, दांड्याला धरतं, आणि भोक ठरतं ग्रोमेटच्या मधल्या खाचेवरून. म्हणून ज्या दुकानातून ग्रोमेट घेतलं तिथूनच त्याचं ड्रिल बिट मागा आणि सबमेनच्या टाकाऊ तुकड्यावर एक जोड करून बघा. खाच पाइपच्या भिंतीइतकीच रुंद हवी, पातळ पाइपला जाड खाचेचं ग्रोमेट डुगडुगतं.

आणि सळई अजिबात नको, मी कळकळीने सांगतोय. तापलेल्या सळईने भोकाभोवती वितळलेल्या प्लास्टिकची गाठ येते, भोक वाकडं होतं, रबर एका बाजूला दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूने पाणी फवारतं, आज नाही तर पंपाचा दाब वाढेल तेव्हा. ड्रिल सरळ उभं धरा, सगळी भोकं झाली की टेकऑफ बसवायच्या आधी सबमेनचं टोक उघडून पाणी सोडा, नाहीतर ड्रिलचा भुसा थेट ड्रिपरमध्ये जाऊन अडकेल. १६ ची जी भोकं आधीच पडलीत तेवढा पाइपचा भाग कापून कपलर टाका, मोठ्या भोकात रबराचे तुकडे कोंबून काही टिकत नाही.

प्रश्न : ११० च्या ड्रेनेज पाइपच्या रबर रिंगला सोल्युशन (पाइप चिकटवायचं) लावलं तर जास्त पक्कं होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. रिंगवाल्या जोडाला साबणाचं पाणी किंवा त्याचं वंगणच लावायचं. पाइप पूर्ण आत ढकलून पेन्सिलने खूण करा आणि साधारण १० मिमी मागे ओढा, उन्हात पाइप लांबतो त्याला तेवढी जागा लागते.