अर्धा इंची नळ कनेक्शन पाऊण इंची केलं तर पाणी जास्त येईल का?

तुम्ही लिहिलंय की दोन मजली घर, दोन कुटुंबं मिळून 10 माणसं, पाणी सकाळी दीड तास, आणि गच्चीवरच्या टाकीत चढत नाही म्हणून पाऊण इंची घ्यायचाय. मी नळफिटिंगची कामं घेतो, हा प्रश्न रोजचा आहे.

अर्ज करायच्या आधी एक करा, पाणी आलं की मीटरच्या लगेच पुढे 15 लिटरची बादली लावा आणि मोबाईलवर वेळ बघा. मिनिटात भरली तर तासाला 900 लिटर, दीड तासात साडेतेराशे. शहरात माणशी 135 लिटर धरतात, म्हणजे तुमच्या 10 जणांना बरोब्बर तेवढंच लागतं, मग नळाचा दोष नाही, दुखणं उंचीचं आहे. 10 मीटर वर चढायला साधारण 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर लागतं आणि तेच मेन लाईनला नसेल तर पाऊणच काय, दोन इंची टाकली तरी गच्चीवर थेंब जाणार नाही. खाली जमिनीत टाकी करा, ती नळाने भरू दे आणि तिथून मोटारने वर चढवा. डायरेक्ट लाईनला मोटार लावू नका हो, एक तर बेकायदेशीर, वर कुठे जॉइंट लीक असला तर गटाराचं पाणीपण ओढून आणते.

बादलीला तीन-चार मिनिटं लागली तर मग पाइपकडे बघायचं. जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप असेल तर आतून गंज चढून भोक करंगळीएवढं पण उरत नाही, मेनवरचा फेरूल (मेन लाईनमधून तुमचं कनेक्शन जिथून निघतं तो जोड) चोक होतो, मीटरच्या तोंडाची जाळी मातीने भरते (सील असेल तर पाणीखात्याच्या माणसालाच बोलवा). हे सगळं ठीक असून मेनपासून घर 30-40 मीटर लांब असेल तर मात्र पाऊण इंची घ्याच, तेवढ्याच प्रेशरला जवळपास दुप्पट पाणी देतो, पण फेरूलपण त्या मापाचा मागा नाहीतर काय उपयोग.

मीटरची काळजी नको, 15 एमएमचा साधा मीटर तासाला 1500 लिटरचा असतो, तुमचं त्यात आरामात बसतं. पाइप मोठा म्हणून मीटर मोठा हवाच असं नाही, बऱ्याच ठिकाणी डिपॉझिट साइजवर असतं ते आधी विचारा.

आणि प्लंबर 20 एमएमचा निळा पाइप दाखवून पाऊण इंची म्हणाला तर ऐकू नका, प्लास्टिकचं माप बाहेरून असतं, तो अर्धा इंचीच झाला, पाऊणला 25 एमएम मागा.