बोर्डावरचं ‘डॉ.’ नंतर बघू, आधी ते औषधं लिहायचं पॅड बंद करा

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री झालीये, ओटीपीटी कौन्सिलचं (फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी राज्याची परिषद) रजिस्ट्रेशन वैध आहे, तालुक्याच्या गावी स्वतःचं क्लिनिक, बोर्डावर नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर (पीटी) म्हणजे फिजिओथेरपिस्ट, त्याखाली ‘हाडे, सांधे व मणका तज्ज्ञ’. आणि आता गावातल्याच एका हाडांच्या डॉक्टरांनी वकिलामार्फत नोटीस धाडलीये की १५ दिवसांत बोर्ड उतरवा नाहीतर पोलिसात जातो. बोर्ड काढू का, एवढंच तुम्ही विचारलंय.

आधी घाबरणं बंद करा. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाची ऑर्डर नव्हे, पण म्हणून ती ड्रॉवरमध्ये टाकून गप्प बसायचं असंही नाही, उत्तर मुदतीत गेलंच पाहिजे.

नोटिशीचा सगळा भर आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या ९ सप्टेंबर २०२५ च्या पत्रावर आहे, फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये, १९१६ च्या इंडियन मेडिकल डिग्रीज ॲक्टचा भंग होतो वगैरे. पण हे पत्र दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, मागे घेतलं गेलं आणि ते नोटिशीत सोयीस्करपणे गाळलंय, तेव्हा उत्तराची सुरुवात तिथूनच करा. मात्र पत्र मागे घेतलं म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नका, या विषयाचा आणखी विचार व्हायला हवा एवढंच त्यात म्हटलं होतं. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या फिजिओथेरपी अभ्यासक्रमात नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ चालेल असं आहे, तो तुमच्या बाजूने दाखवता येईल, पण शेवटी तो अभ्यासक्रम आहे, कायद्याचं कलम नाही. म्हणून ‘डॉ.’ ठेवायचंच असेल तर (पीटी) शिवाय कुठेच नको, पावतीवर नको आणि व्हॉट्सॲपच्या डीपीवर पण नको.

मला जास्त खटकते ती बोर्डावरची खालची ओळ. १९१६ चा कायदा मुळात ॲलोपथीची पात्रता असल्याचं खोटं भासवण्याबद्दल आहे, त्यातला पहिल्या वेळचा दंड अडीचशे रुपयांपर्यंत, म्हणजे आजच्या हिशोबाने काहीच नाही, पण खेड्यातून कंबर धरून आलेली आजी ‘मणका तज्ज्ञ’ वाचून काय समजणार सांगा? ऑपरेशनवाला डॉक्टर. ती ओळ आजच काढा आणि तिथे नावाएवढ्याच अक्षरात ‘फिजिओथेरपिस्ट’ लिहा, खाली बीपीटी आणि रजिस्ट्रेशन नंबर. त्यात कमीपणा काही नाही, साडेचार वर्षं शिकून मिळवलेला शब्द आहे तो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पेशंट घेता हा नोटिशीतला आरोप मात्र ठामपणे नाकारा. त्याच राष्ट्रीय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याच्या परिशिष्टात फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करू शकतो असं स्पष्ट लिहिलंय, तपासणी करणं आणि उपचार देणं दोन्ही त्यात येतं.

आता ज्याबद्दल तुम्ही मेलच्या शेवटी एकाच ओळीत लिहिलंय ते. नोटिशीसोबत तुमच्या पॅडचा फोटो जोडलाय आणि त्यावर तुमच्या हातची दुखण्याची गोळी, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. ताई, खरा धोका हा आहे. ‘डॉ.’ वर दोन्हीकडून वाद घालता येईल, गोळीवर नाही. औषध लिहून देणं तुमच्या अधिकारात बसत नाही आणि महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३३ खाली डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशन नसताना डॉक्टरी केली म्हणून तक्रार झाली तर ती अडीचशे रुपयांवर मिटणारी नाही, त्यात थेट कैद आहे. पेशंटनेच आग्रह केला होता हे मला पटतं, कोर्टात त्याचा उपयोग नाही.

म्हणून आजपासून एकही गोळी लिहायची नाही, लागली तर पेशंटला त्याच्या फॅमिली डॉक्टरकडे चिठ्ठी देऊन पाठवा. जुनी पॅडं, रजिस्टर काही फाडू नका, खाडाखोड तर अजिबात नको, आणि ते अक्षर माझं नाही असं कुणी सुचवलं तरी लिहू नका. त्या फोटोबद्दल काय लिहायचं आणि काय नाही हे तुमच्या जिल्ह्यातल्या फौजदारी वकिलाशी समोरासमोर बसून ठरवा, उत्तर त्यांच्याच सहीने जाऊ दे. जाताना नोटीस तिच्या पाकिटासकट, डिग्री, कौन्सिलचं सर्टिफिकेट आणि बोर्डाचा आजचा, म्हणजे बदलायच्या आधीचा फोटो घेऊन जा, नोटीस हातात पडून तुमचे सहा दिवस तसेही गेलेत.