अमेरिकन लष्कराने ‘अदर दॅन ऑनरेबल’ (म्हणजे सेवा सन्मानाने संपली नाही असा) शेरा देऊन घरी पाठवलं. तो शेरा बदलून घेता येतो का?

येतो, पण मागितल्याशिवाय नाही. सहा महिन्यांनी तो आपोआप सुधारतो ही निव्वळ अफवा, बराकीत पिढ्यानपिढ्या फिरणारी.

सेवा सुटून १५ वर्षं झाली नसतील तर डीडी २९३ फॉर्म भरून डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे (सेवामुक्तीचे शेरे फेरतपासणाऱ्या मंडळाकडे) जा. मुदत उलटली असेल तर डीडी १४९ भरून रेकॉर्ड दुरुस्तीच्या बोर्डाकडे.

खरी मेहनत पुराव्याची. आधी स्वतःची सेवेची फाइल मागवा. ‘मी आता सुधारलोय’ एवढ्यावर सहसा भागत नाही. गैरवर्तनामागे पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक विकार), डोक्याची इजा किंवा लैंगिक अत्याचार असेल तर उपचारांचे कागद, सोबतच्या सैनिकांची पत्रं जोडा; संरक्षण खात्याच्या २०१७च्या सूचनेनुसार बोर्डाने अशा अर्जांकडे उदारपणे पाहायचं असतं. वकील सक्तीचा नाही, माजी सैनिकांच्या काही संघटना फुकट मदत करतात.