उबंटू २५.१० मध्ये एक्सऑर्गचा पर्याय गेला. जुन्या आवृत्तीवर परत जावं का?

जुनं नीट चालत असताना उबंटू लिनक्सच्या लॉगिनच्या पडद्यावरून 'एक्सऑर्ग' (खिडक्या दाखवणारी आणि कीबोर्ड-माउस सांभाळणारी जुनी यंत्रणा) का काढलं, असं तुम्ही विचारलंय. चिडचिड समजू शकतो, पण माझं मत स्पष्ट आहे: फक्त त्यासाठी मागे जाऊ नका. त्याच्या जागी आलेलं वेलँड जास्त सफाईदार चालतं हे कारण नंतरचं, सुरक्षा हे पहिलं.

एक्सऑर्ग ज्यावर उभं आहे ते एक्स विंडो (थोडक्यात 'एक्स') १९८४ मध्ये एमआयटीत जन्मलं आणि एक्स-११ ही आवृत्ती १९८७ ची. पडद्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम विश्वासातले, असं तेव्हा धरून चालत. एखादं एक्सऑर्गवालं मशीन हाताशी असेल तर स्वतः बघा. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, एक्सइनपुट या कमांडच्या यादीतून कीबोर्डचा क्रमांक घ्या आणि त्यावर 'टेस्ट' चालवा. आता ब्राउझरमध्ये जाऊन पासवर्ड टाइप करा. तिथे ठिपके दिसतील, पण इकडे टर्मिनलमध्ये दाबलेल्या प्रत्येक बटणाचा आकडा उमटत जाईल. 'ए' दाबलं की ३८. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, पासवर्डही कोणी मागत नाही. नेटवरून उतरवलेला कुठलाही फुटकळ प्रोग्रॅम हेच गुपचूप करू शकतो. हा बग नाही, रचनाच तशी आहे, म्हणून ठिगळ लावून भागत नाही.

वेलँडमध्ये कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम, मधे बसतो आणि ज्या खिडकीत तुम्ही टाइप करताय तिलाच बटणं पोचवतो. बाकीच्यांना काही कळत नाही. २००८ मध्ये हे काम सुरू करणारे क्रिस्टियन होग्सबर्ग स्वतः एक्सवर काम करणारे होते, पुढेही एक्सच्या बऱ्याच जाणत्या मंडळींनी हात लावला. म्हणून 'बाहेरच्यांनी येऊन मोडलं' हा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

मग इतकी वर्षं का लागली? कारण दार बंद केल्यावर स्क्रीनशॉट, स्क्रीन शेअरिंग, सगळ्यांसाठी परवानगी विचारणारी नवी वाट बांधावी लागली. ती आता पोर्टल (परवानगी विचारणारा मध्यस्थ) आणि पाइपवायर (चित्र-आवाज वाहून नेणारी सेवा) यांमधून जाते. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांच्या ड्रायव्हरने तर फारच रखडवलं. त्यात जीबीएमचा (पडद्यावरच्या चित्रांसाठी मेमरी राखून ठेवायच्या पद्धतीचा) आधार २०२१ मध्ये आला आणि खिडक्या लुकलुकणं थांबवणारं एक्स्प्लिसिट सिंक २०२४ मध्ये. तुमचं कार्ड एनव्हिडियाचं असेल तर ५५५ किंवा त्यापुढचाच ड्रायव्हर घ्या.

जुने प्रोग्रॅम एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडच्या आत चालणाऱ्या एक्समधून, चालतात, त्यांची काळजी नको. अडेल ते एक्सडूटूलसारखी (आपोआप बटणं दाबणारी) साधनं वापरणाऱ्या स्क्रिप्टांपाशी, कारण दुसऱ्याच्या खिडकीत परस्पर टाइप करणं हेच इथे बंद आहे. मराठी टायपिंगसाठी सेटएक्सकेबीमॅप या कीबोर्डची मांडणी बदलणाऱ्या एक्सच्या कमांडची ओळ स्टार्टअपमध्ये टाकली असेल तर ती काढा आणि सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली इनपुट सोर्समधून मराठी जोडा. फोनेटिक हवं असेल तर आयबस या टायपिंगच्या साधनाचं एम१७एन पॅकेज टाका.

तुमचं पोटापाण्याचं काम अशा एखाद्या स्क्रिप्टवरच चालत असेल, तर गोष्ट वेगळी. उबंटू २४.०४ मध्ये एक्सऑर्ग सेशन आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. नाहीतर आहे त्याच उबंटूवर एक्सएफसीई (दुसरा डेस्कटॉप) टाका, ते अजून एक्सवर चालतं. पण बँकेचे व्यवहार त्या सेशनमध्ये करू नका.