इंदूरहून काय आणायचं, इथे काय घ्यायचं: कॅल्गरीच्या हिवाळ्यात कच्च्या वाटेला गाडी घालणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात इंदूरचं लोकमान्यनगर सोडून कॅनडात कॅल्गरीला येताय, सोबत वहिनी आणि सहा वर्षांची मुलगी. तिकडे थार गाडी आहे, पावसाळ्यात चोरल, जानापावच्या बाजूला गाडी चिखलात घालायची सवय आहे. इथेही फोर बाय फोर घेऊन हिवाळ्यात डोंगराकडे जायचा बेत आहे. तर रिकव्हरीचं, म्हणजे रुतलेली गाडी काढायचं सामान, ओढायचा पट्टा, शॅकल (पट्टा गाडीला अडकवायची लोखंडी कडी), उंच जॅक, हवेचा पंप, हे सगळं बॅगेत भरून आणावं का?

आणू नका. वजन फार होतं, आणि यातली प्रत्येक वस्तू इथे गाडीच्या सामानाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते. पण त्याहून मोठी अडचण तुमच्या यादीच्या क्रमात आहे. ती पट्ट्यापासून सुरू होते आणि शेवटी ‘दोन ब्लँकेटं’ अशी उरकलेली आहे. इथे ती उलटी वाचायची.

माळव्यातल्या काळ्या मातीत गाडी रुतली की काय होतं ते तुम्हाला मी रामबागेतली बाई काय सांगणार. चाकावर मातीचे थर चढतात, कुठूनतरी दोन पोरं उगवतात, थोड्या वेळात ट्रॅक्टर येतो, साखळी लागते, पैसे घेतात आणि वर चार सल्ले फुकट देतात. इथे कॅल्गरीजवळच्या मॅक्लीन क्रीकच्या किंवा वायपरसच्या आतल्या वाटांवर जानेवारीत संध्याकाळी पाचला रुतलात, तर तोवर अंधार पडत आलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेचार-पाचलाच मावळतो. मोबाइलला रेंज नाही. मागून कुणी येईल ते कदाचित उद्या सकाळी. गाडीला काही होत नाही, ती वसंत ऋतूपर्यंत उभी राहील. आतल्या तिघांना मात्र रात्र काढायची असते. म्हणून आधी रात्रीचं सामान, मग निरोप पोचवायची सोय, मग फावडं, आणि पट्टा त्यानंतर.

रात्रीपासूनच सुरू करते. प्रत्येकाला एक जाड स्लीपिंग बॅग, उणे २५-३० पर्यंत चालणारी. स्वस्तातली घेऊन वर दोन पांघरुणं घालू असं म्हणू नका. आणि इथे इंदूरहून आणण्यासारखी एक गोष्ट खरंच आहे: घरात जुनी घोंगडी असेल तर ती आणा. लोकर ओलसर झाली तरी ऊब देते, काचेवर साचलेलं दव टपटपलं तरी चालतं. आईची गोधडी आणायचा मोह होईल, तिला घरच्या पलंगावरच ठेवा. सुती कापड ओल धरतं आणि मग अंगातली ऊब काढून घेतं. अंगावरचे कपडे, बूट, टोप्या सगळं इथेच घ्या. तिकडच्या दुकानात ‘मनालीला चालतं’ म्हणून दाखवतात ते इथे नोव्हेंबरातच हरतं.

मुलीबद्दल एक गोष्ट, जी तिकडून येणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. चाइल्ड सीटचा पट्टा फुगलेल्या जाड जॅकेटवरून बांधायचा नसतो. धडकेत जॅकेट दबतं, पट्टा सैल पडतो आणि मूल निसटू शकतं. म्हणून पोरं गाडीत पातळ कपड्यांवर बसतात. याचाच अर्थ गाडी थांबली की तिच्या अंगावर जाड काहीच नसतं. तिचा स्नोसूट, बूट आणि हातमोज्यांचे दोन जोड तिच्या शेजारच्या सीटवर हवेत, मागे डिकीत पट्ट्याखाली दाबलेले नकोत. वाऱ्यासकट पारा उणे २८ च्या खाली गेला की उघड्या कातडीला हिमदंश व्हायला १० ते ३० मिनिटं पुरतात. उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटं. डिकी उघडून सामान उपसण्यात तेवढा वेळ सहज जातो.

इंजिन चालू ठेवून हीटरवर रात्र काढू, हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो. काढता येते, पण पद्धतीनं. टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेवायची, हा इथला घरोघरचा नियम आहे. दर तासाला साधारण दहा मिनिटं इंजिन चालवायचं, आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेलं बर्फ फावड्यानं काढायचं. वारा तासाभरात ते पुन्हा बुजवतो. तोंड बुजलं की धूर गाडीखालून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म डॅशबोर्डवर टाका. डब्यातली मेणबत्ती लोक फार मिरवतात. माझ्या मते तिच्यानं गाडी तापत नाही, पण उजेड मिळतो आणि स्टीलच्या भांड्यात थोडं बर्फ वितळतं. तीही काच बंद करून लावायची नाही.

पाण्याची बाटली रुंद तोंडाची घ्या आणि उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला सुरुवात होते. बाटली उलटी असली की बर्फाचा थर बुडाच्या बाजूला धरतो आणि झाकण मोकळं राहतं. सुलटी ठेवली तर झाकणाशीच बूच बसतं आणि भरलेली बाटली हातात घेऊन तहानलेले बसता. चहाचा थर्मास तर हवाच. खाण्यात इंदुरी शेव आणि खारे शेंगदाणे. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. तुपातला बेसनाचा लाडू उणे तीसमध्ये दगड होतो, चॉकलेटच्या वड्यांवर दात हलतात, शेव मात्र सराफ्यात खातो तशीच कुरकुरीत राहते, कारण तिच्यात गोठायला पाणीच नाही. दोन किलो आणा, घरच्यांनी आधी संपवली नाही तर गाडीत ठेवा. वाटेत पाणी गरम करायला छोटा स्टोव्ह घ्याल तर ब्यूटेनचा नको. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली गेलं की वायू व्हायचंच थांबतं. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. आणि स्टोव्ह गाडीबाहेरच पेटवायचा.

आता निरोप. आयफोन १४ पासून पुढच्या फोनांवर कॅनडात उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवता येतो. पण फोनची बॅटरी थंडीत डोळ्यांदेखत उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाला चिकटून. मी त्याच्यावर एकट्यावर भरवसा ठेवत नाही, गार्मिनचं इनरीच हे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र वापरते. एक सावधगिरी मात्र इंदूरकरांसाठी खास: हे यंत्र सुट्टीत भारतात नेऊ नका. उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना याच यंत्रापायी पोलिसात जावं लागलं. ट्रेकिंगच्या पिशवीत तसंच राहून जातं, म्हणून बॅग भरताना आठवणीनं काढा. बाकी, घरी कुणाला तरी कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत परतलो नाही तर फोन करायचा, हे लिहून ठेवा. रुतलात तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

फावडं अ‍ॅल्युमिनियमचं, हिमस्खलनात वापरतात तसलं, दांडा आत सरकणारं. प्लॅस्टिकचं थंडीत तडकतं. रुतलेल्या बहुतेक गाड्या फावड्यावरच निघतात, पट्ट्याची पाळी येत नाही. आधी चाकांपुढचं नाही, गाडीच्या पोटाखालचं बर्फ काढायचं. गाडी पोटावर टेकलेली असते, चाकं नुसती गरगरतात, आणि चाकाखाली तासाभरापूर्वी मऊ असलेलं बर्फ घासून काचेसारखं होतं. मग टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवायची आणि गाडी हलक्या पायानं पुढेमागे करायची. पुन्हा रस्त्याला लागायच्या आधी हवा भरायची, म्हणून पंप लागतोच. थंडीत हवा आपोआपही उतरते: दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय. गरम गॅरेजमध्ये ३५ भरलेला टायर उणे तीसमध्ये २६ दाखवेल. पंक्चर समजून घाबरू नका. ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या) चांगल्या जातीचे घ्या, आणि त्यावर चाक गरगरवू नका, घर्षणानं दाते वितळतात.

पट्ट्याबद्दल तुम्ही सविस्तर विचारलंय, म्हणून सविस्तर सांगते. इथे दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि दिसायला सारख्या असतात. एक टोइंगचा पट्टा, जो ताणत नाही. दुसरा नायलॉनचा कायनेटिक दोर, जो जवळपास ३० टक्के ताणतो. रुतलेली गाडी झटक्यानं काढायची तर दुसराच हवा. ओढणारी गाडी थोडी चालत जाते, दोर ताणला जातो, आणि तो आखडताना रुतलेल्या गाडीला बाहेर खेचतो. हेच काम न ताणणाऱ्या पट्ट्यानं किंवा ट्रॅक्टरच्या साखळीनं झटका देऊन केलं तर सगळा हिसका चेसिसला बसतो, आणि काहीतरी तुटतं. तुटलं की ते उडतं. दोराची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या अडीच ते तीनपट. फार जाड दोर हलक्या गाडीला ताणतच नाही, म्हणजे पैसे देऊन साखळीच घेतल्यासारखं.

कुठे अडकवायचं हे त्याहून महत्त्वाचं. मागे ट्रेलरसाठी जो लोखंडी गोळा असतो, त्याला दोर कधीही लावायचा नाही. तो मोडला की गोळीसारखा समोरच्या काचेतून आत जातो. यात माणसं मेली आहेत. पुढे खाली दिसणारी छोटी कडीसुद्धा पुष्कळदा गाडी ट्रकवर बांधून आणायची असते, ओढायची नसते. चेसिसला बोल्ट केलेला, ताकद लिहिलेला हुक पाहिजे. शॅकलवरही वजनाची मर्यादा कोरलेली असते. पाऊण इंची बो शॅकलवर साधारण पावणेपाच टन लिहिलेलं दिसेल. काही कोरलेलं नसेल तर ती शॅकल कुंपणाच्या फाटकाला लावा.

थंडीत या सामानाचं वागणं बदलतं, ते तिकडच्या व्हिडिओंत दिसत नाही. दोर बर्फात लोळला की ओला होतो, डिकीत टाकला की गोठून काठी होतो, आणि ताणायचंच विसरतो. म्हणून तो पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गाडीच्या आत. घरी आल्यावर उलगडून वाळवायचा. शॅकलची पिन पूर्ण आवळून मग पाव आटा मागे फिरवायची, नाहीतर ताण बसल्यावर ती जाम होते आणि बर्फात गुडघे टेकून पान्यानं ठोकत बसावं लागतं. हातमोजे दोन थरांचे: आत पातळ, वर जाड. पिन फिरवताना वरचे काढा, आतले कधीच नाही, उणे तीसमधलं लोखंड उघड्या बोटांना धरून ठेवतं. ओढाओढी चालू असताना दोरावर मधोमध जड कापड टाका, आणि वहिनी-मुलगी गाडीत नसतील तर दोराच्या दीडपट अंतरावर, बाजूला.

उंच जॅक नको. बर्फात बुडतो, गोठला की त्याच्या पिना अडकतात, आणि हँडल सुटलं तर जबडा फोडतं. विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचा, विचार पुढच्या वर्षी करा. बर्फाच्या साखळ्या घ्या, पण गॅरेजमध्ये उजेडात दोनदा चढवून बघा. गोठलेल्या नदीवर किंवा तळ्यावर, कितीही ताजे ट्रकचे माग दिसले तरी, गाडी घालू नका.

बॅटरीचं थोडं. उणे १८ ला साध्या बॅटरीची इंजिन फिरवायची ताकद जवळपास निम्मी होते, आणि तेव्हाच इंजिनातलं तेल घट्ट होऊन जास्त ताकद मागतं. बॅटरी उतरली की गाडी सुरू करून देणारा लिथियमचा जंप स्टार्टर गाडीत सोडला तर तोही गारठतो. निघताना घरातून न्यायचा आणि पायाशी नाही, जॅकेटमध्ये ठेवायचा. टॉर्चला लिथियमचे सेल, साधे अल्कलाइन थंडीत मान टाकतात.

आणि शिनूक. कॅल्गरीत हिवाळ्यात पश्चिमेकडून हा गरम वारा येतो आणि काही तासांत पारा वीस अंश चढतो. लोक टी-शर्टवर फिरतात, आणि नवख्याला वाटतं आजच डोंगरात जावं. तो दिवस नेमका वाईट. दुपारी वाटेवर पाणी होतं, संध्याकाळी तेच चाकोऱ्यांमध्ये गोठतं, आणि परतताना गाडी हातात राहत नाही. नकाशावर दिसतो तो रस्ता हिवाळ्यात उघडा असेलच असं नाही, हेही लक्षात ठेवा: हायवे ४० चा कनानास्किसमधला घाटाचा भाग १ डिसेंबर ते १४ जून बंद असतो. निघण्याआधी ५११ अल्बर्टा या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर बघायचं.

कागदांत एक गोष्ट तिकडूनच करून आणा. नवीन रहिवाशाला भारतीय परवान्यावर इथे ९० दिवस गाडी चालवता येते, मग परीक्षा. इंदूर आरटीओकडून तुमचा परवाना कधीपासून आहे याचं इंग्रजी पत्र घ्या, अनुभव दाखवायला लागतं. इथून मागवायला गेलात तर घरच्यांना खेपा घालाव्या लागतील.

गाडी बघायला जाल तेव्हा थेट खाली वाकून बघा: मागे-पुढे चेसिसला हुक आहेत का, स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह आहे का. अल्बर्टात विंटर टायरची सक्ती नाही, पण ब्रिटिश कोलंबियात शिरलात की बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून आहे. आणि पुढच्या जाळीतून प्लगाची वायर लोंबत असेल तर इंजिनाचा ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणारा) आधीच बसवलेला आहे. नसेल तर सौद्यातच बसवून मागा, आणि घर भाड्यानं घेताना पार्किंगजवळ प्लग पॉइंट आहे का ते विचारा.