वर्कशॉप निवडताना

लँडस्केप फोटोग्राफीच्या वर्कशॉपची जाहिरात बघून लगेच पैसे भरू नकोस. जाहिरातीतले फोटो शिकवणाऱ्याचे असतात. आधी शिकून गेलेल्यांचे मागून बघ. दहाच्या वर माणसं घेत असतील तर सोडून दे.

मग विचार, कुठे, किती वाजता उभं करणार? वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, समोरचा उजेड दुपारनंतर मिळतो. तिथे फक्त सकाळीच नेणारा मला पटत नाही. मंगळवारी वेरूळ बंद असतं, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हे त्याने आपणहून सांगायला हवं.

नळदुर्ग किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्यासाठी मात्र गावातलाच माणूस गाठ. बोरी नदीला पाणी कधी आलं हे त्याला घरबसल्या कळतं. पैसे आधीच ठरव, घासाघीस करू नकोस.