सीटी नॉर्मल आहे, तरी मेंदूचा एमआरआय कशाला? आणि पुढे दर तीन महिन्यांनी का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार दोन वर्षांपूर्वी संपले, आता तिचं डोकं सारखं दुखतं, सीटी नॉर्मल आलंय आणि तरी डॉक्टर एमआरआय करा म्हणतात. करा. फक्त चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्टसह’, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून औषधाचं इंजेक्शन देऊन, असं लिहिलंय का ते आधी बघा.

आम्ही देवगडचे. माझी आई विहिरीच्या पायऱ्या उतरताना एका बाजूला झुकायला लागली, हातातली कळशी गडग्याला आपटायची. एका सेंटरवर साधा एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल. तीन आठवड्यांनी मुंबईत गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन परत केला, तर लहान मेंदूत कुळथाच्या दाण्याएवढा ठिपका, म्हणजे तिथवर पसरलेल्या कॅन्सरची गाठ! मेंदूतल्या रक्तवाहिन्या हे औषध सहसा बाहेर झिरपू देत नाहीत. गाठीपाशी मात्र त्या गळक्या असतात, औषध तिथे साठतं आणि तेवढीच जागा पांढरी उजळते. सीटीत तर कवटीच्या तळाच्या जाड हाडामुळे लहान मेंदू नीट दिसतच नाही. इंजेक्शनआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातू असेल तर आधीच सांगा.

ठिपका निघालाच तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय सांगतात, कारण नवे ठिपके कुठलीही तक्रार नसताना उगवू शकतात. आईला त्या एका ठिपक्यावर नेमकं रेडिएशन दिलं. आठ महिन्यांनी तोच ठिपका मोठा दिसला आणि आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही. पण रेडिएशनने मेलेल्या पेशींचा भागही असाच फुगून उजळतो. डॉक्टरांनी त्या जागेचा रक्तप्रवाह दाखवणारा परफ्यूजन एमआरआय केला, जुने स्कॅन शेजारी लावून बघितले आणि थांबायचं ठरवलं. पुढच्या खेपेला तो आक्रसला होता.

म्हणून जुने स्कॅन जिवापाड जपा. नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी मागून घ्याच. आपल्याकडे पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात. मी मध्ये कागद घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो आणि तुतारी एक्सप्रेसने दादरला निघताना सगळा गठ्ठा बरोबर नेतो. शक्यतो स्कॅन एकाच ठिकाणी करा, म्हणजे तुलना सरळ होते.

आणि सूज उतरायला डेक्सामेथासोन चालू केलं असेल तर ती तारीख स्कॅनच्या वेळी सांगा. त्या गोळ्यांनी सूज ओसरते, ठिपकाही फिका दिसू शकतो, आणि हे माहीत नसेल तर बघणाऱ्याची फसगत होते.